‘कबूल करा, दंड भरा आणि मोकळे व्हा’ असं कुणी म्हणालं तर थांबा

पत्र:

वकीलसाहेब, नमस्कार. सोलापूर जिल्ह्यातून लिहितेय. बांधावरून चुलत्यांशी भांडण झालं, त्यात त्यांच्या मुलाचा हात मोडला. त्यांनी केस केली आणि माझ्या लहान भावाचं आणि वडिलांचं, दोघांचं नाव घातलं. वडील तर सोडवायला गेले होते. आमच्या आईलाही लागलंय पण आमची फक्त एनसी घेतली. एफआयआरवर बीएनएस ११७(२), ११५(२), ३५२, ३(५) एवढंच लिहिलंय. गूगलवर ११७ टाकलं तर दहापेक्षा जास्त लोकांना चिथावणी असं काहीतरी आलं. गावातले म्हणतात सात वर्षांची शिक्षा आहे, पीसीआर लागणार. भावाला व्हॉट्सअ‍ॅपवर नोटीस आलीय. एक वकील म्हणाले एबीए टाकू, दुसरे म्हणाले डायरेक्ट हायकोर्टात क्वॉश करू. कोर्टाच्या आवारात भेटलेला एकजण म्हणाला, कशाला एवढं, तारखेला कबूल करा, दंड भरा आणि मोकळे व्हा. त्यात तहसीलमधून चॅप्टरची नोटीस. भाऊ पोलीस भरतीची तयारी करतोय, घाबरून धड जेवत नाहीये. या शब्दांचा अर्थ कुणाला विचारायची पण लाज वाटते. काय करू? – एक बहीण

उत्तर:

ताई, सगळ्यात आधी ती लाज बाजूला ठेवा. हे शब्द शाळेत कुणी शिकवत नाही आणि ज्यांच्यावर वेळ येते त्यांना ते एकदम, एकाच दिवशी, पाच जणांच्या तोंडून ऐकायला लागतात, त्यामुळे तुमचा गोंधळ झाला यात तुमचं काही चुकलेलं नाही. तुम्ही ज्या वकिलाला फी देणार आहात त्याला प्रत्येक शब्दाचा अर्थ मराठीत विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि जो वकील यावर चिडतो तो तुमच्या कामाचा नाही असं मी स्पष्ट सांगतो.

आता भावाला जेवायला बसवा आणि त्याला हे वाचून दाखवा: तुम्ही लिहिलेली कलमं तेवढीच असतील तर ती सगळी जामीनपात्र आहेत.

हे जरा नीट सांगतो कारण इथेच गावातल्या लोकांनी तुम्हाला सगळ्यात जास्त घाबरवलंय. १ जुलै २०२४ पासून जुन्या आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता म्हणजे बीएनएस आली, आणि सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता म्हणजे बीएनएसएस. त्या तारखेनंतर घडलेल्या गुन्ह्याला बीएनएसचे नंबर लागतात, आधी घडलेल्याला जुने. गूगलने तुम्हाला जे दाखवलं ते आयपीसीचं जुनं ११७. बीएनएसचं ११७(२) म्हणजे गंभीर दुखापत, जे पूर्वी ३२५ होतं. हाड मोडलं की कायद्याच्या भाषेत ती गंभीर दुखापत होते, मग ते करंगळीचं का असेना, म्हणून त्यांच्या मुलाचा एक्स-रे आणि डॉक्टरांचं जखमेचं सर्टिफिकेट हे या केसमधले महत्त्वाचे कागद आहेत. ११५(२) म्हणजे साधी मारहाण, जुनं ३२३. ३५२ म्हणजे शांतता बिघडेल अशा हेतूने अपमान करणं, सोप्या भाषेत शिवीगाळ, जुनं ५०४. यापुढे गूगल करताना नंबरच्या आधी ‘बीएनएस’ लिहायचंच, नाहीतर भलतंच काहीतरी वाचून रात्रभर झोप लागणार नाही. बीएनएसचं ३०२ आता खुनाचं राहिलेलं नाही, ते धार्मिक भावना दुखवायच्या हेतूने बोलण्याचं कलम आहे, खून १०३ मध्ये गेलाय. एवढी उलटापालट झालीय आणि गावातले लोक (काही पोलीससुद्धा) अजून जुनेच नंबर बोलतात.

उरलं ३(५), जुनं ३४. याने तुमच्या वडिलांना यात ओढलंय. हा वेगळा गुन्हाच नाही, याला स्वतःची शिक्षा नाही. याचा अर्थ एवढाच की फिर्यादीचं म्हणणं आहे की सगळ्यांनी मिळून, एकाच हेतूने केलं, त्यामुळे एकाने मारलं तरी जबाबदार सगळे. पण नुसतं तिथे हजर असणं म्हणजे सामाईक हेतू नाही. वडील सोडवायला मधे पडले असतील तर हे सुरुवातीपासून वकिलाला सांगा, आणि ते बघणारं कोण होतं, शेजारच्या रानातलं कुणी, रस्त्याने जाणारं कुणी, त्यांची नावं आजच एका वहीत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी आठवत नाही.

आता सात वर्षं. ११७(२) ला जास्तीत जास्त सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते हे खरंय. पण त्या ‘पर्यंत’ कडे लोक लक्ष देत नाहीत. ती वरची मर्यादा आहे, भावाला सात वर्षं होणार असा त्याचा अर्थ नाही. आणि शिक्षा किती आणि जामीन मिळतो की नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बीएनएसएसच्या मागे पहिलं परिशिष्ट म्हणून मोठा तक्ता आहे, त्यात प्रत्येक कलमासमोर लिहिलेलं असतं दखलपात्र की अदखलपात्र, जामीनपात्र की अजामीनपात्र, कोणत्या कोर्टात चालणार. ११७(२) समोर लिहिलंय दखलपात्र आणि जामीनपात्र. दखलपात्र म्हणजे पोलीस कोर्टाला न विचारता गुन्हा नोंदवून तपास करू शकतात. जामीनपात्र म्हणजे जामीन हा तुमचा हक्क, तो साहेबांच्या मर्जीवर नाही. अशा गुन्ह्यात अटक दाखवली तरी पोलीस स्टेशनमध्येच जामीन द्यावा लागतो, आपल्याकडे ज्याला टेबल जामीन म्हणतात तो हाच. जामीनदार लागेल, त्याचं आधार, सातबारा किंवा घरपट्टीची पावती असं तयार ठेवा. अगदीच ऐपत नसेल तर स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडायची पण तरतूद आहे.

मग पीसीआर काय? पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, आरोपी तपासासाठी पोलिसांच्या ताब्यात राहतो. एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, आरोपी जेलमध्ये जातो, पोलिसांच्या हातात राहत नाही. अटक झाली की २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं आणि तिथे हा निर्णय होतो. अजामीनपात्र केसमध्ये एमसीआर झाली की घरचे रडायला लागतात, पण वकील मात्र लगेच जामिनाचा अर्ज काढतो, कारण बहुतेक वेळा जामिनाचा रस्ता तिथून मोकळा होतो. तुमच्या भावाच्या केसमध्ये मात्र आजच्या कलमांवर आणि तो जामीन द्यायला तयार असताना ही वेळच यायचं कारण नाही.

‘आजच्या कलमांवर’ हे मुद्दाम म्हणतोय. कारण खरी भीती कलमवाढीची आहे आणि ती तुम्हाला कुणीच सांगितलेली दिसत नाही. तपासात फिर्यादीने पुरवणी जबाब दिला की कुऱ्हाडीच्या तुंब्याने मारलं, किंवा लोखंडी पाइप जप्त दाखवला, तर ११८(२) लागू शकतं, म्हणजे घातक हत्याराने गंभीर दुखापत. ते अजामीनपात्र आहे आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत आहे. तिथे मात्र एबीए, म्हणजे अँटिसिपेटरी बेल अ‍ॅप्लिकेशन, अटकपूर्व जामीन, याला अर्थ येतो. तो सेशन कोर्टात किंवा हायकोर्टात मागतात आणि अजामीनपात्र गुन्ह्यात अटकेची भीती असेल तेव्हाच मागतात. नुसत्या जामीनपात्र कलमांवर एबीए टाकला तर कोर्ट म्हणणार याची गरजच नाही. त्यामुळे पहिल्या वकिलांना सरळ विचारा, साहेब कलमं तर जामीनपात्र आहेत, मग एबीए कशासाठी, कलमवाढीचा काही अंदाज आहे का तुम्हाला? ते म्हणाले की हो, फिर्यादीत काठीचा उल्लेख आहे म्हणून मी सावध आहे, तर ते माहितगार आहेत, त्यांचं ऐका. आणि उत्तर गोलगोल आलं तर दुसरा वकील बघा.

यासाठी एफआयआर पूर्ण वाचायला हवी, नुसते वरचे नंबर नाही. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर प्रसिद्ध एफआयआर मिळतात, जिल्हा, पोलीस स्टेशन आणि तारीख टाकली की पीडीएफ उतरवता येते. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्येच सांगितलंय की संवेदनशील गुन्हे सोडून बाकी एफआयआर २४ तासांत वेबसाइटवर टाकायच्या. त्या पीडीएफमध्ये सगळ्यात शेवटी मराठीत लिहिलेला मजकूर असतो, ती खरी फिर्याद. त्यात कुणी कशाने कुठे मारलं हे शब्द न् शब्द वाचा. ‘हाताने’ लिहिलंय, ‘लाकडाने’ लिहिलंय की ‘कशाने तरी’ लिहिलंय, यावर तुमची पुढची सगळी केस उभी आहे.

नोटिशीचं बघू. भावाला आलेली नोटीस बहुतेक बीएनएसएस ३५(३) ची असणार, जुनी ४१अ. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलिसांनी उठसूट अटक करायची नाही, आधी नोटीस देऊन बोलवायचं, हे सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये अर्णेश कुमार केसमध्ये ठणकावून सांगितलं. म्हणजे ही नोटीस आली याचा अर्थ पोलीस सध्या अटक न करता तपास करतायत, तिला घाबरू नका. नोटिशीप्रमाणे हजर राहत गेलात तर अटक करायची नसते, करायचीच झाली तर अधिकाऱ्याला कारणं लिहावी लागतात. मात्र गेलाच नाहीत तर त्याच कारणाने अटक होऊ शकते. आता ती व्हॉट्सअ‍ॅपवर आलीय, आणि सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये सांगितलंय की या कलमाची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर देणं ग्राह्य नाही. पण म्हणून भावाने हुशारी करत घरी बसायचं नाही. वकिलाला घेऊन जायचं, लेखी नोटीस मागायची, ती घेतल्याची सही तारीख टाकून द्यायची आणि आपण हजर झालो याची पोच घ्यायची. फोनवरचा तो मेसेज डिलीट करू नका. आणि हो, त्या नंबरवरून कुणी व्हिडिओ कॉल करून ‘ऑनलाइन अटक’ वगैरे म्हणत पैसे मागितले तर तो पोलीस नाही, भामटा आहे. अशी अटक कायद्यात नाहीच.

तिथे गेल्यावर जबाब घेतील. भावाने खरं तेवढंच बोलावं आणि स्वतःला अडकवणारं बोलायची त्याच्यावर सक्ती नाही, हे संविधानाच्या कलम २०(३) मध्ये आहे. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण त्याला एक फाटा आहे तो माहीत नसतो. समजा भाऊ म्हणाला की काठी मी गोठ्यामागे टाकलीय, चला दाखवतो, आणि पंचांसमोर ती तिथे सापडली, तर तेवढं बोलणं आणि ती काठी दोन्ही पुराव्यात येतात. तो कागद म्हणजे मेमोरंडम पंचनामा. म्हणून कोऱ्या कागदावर सही करायची नाही, न वाचलेल्या कागदावर तर मुळीच नाही, घाईत ‘इथं इथं सह्या कर’ म्हटलं तरी बसून वाचायचं. वाचताना शब्द अडला तर विचारायचं. महाराष्ट्रात तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टांची भाषा मराठी आहे, तपासाचे कागद मराठीत असतात, तरी त्यात ‘सदर इसमाने’, ‘नमूद आरोपी’, ‘कामी’ असली भाषा असते की शिकलेला माणूसही अडखळतो. अडखळलात तर थांबा, तिथेच अर्थ विचारा.

आणि कधी अटक झालीच तर हे लक्षात ठेवा, २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने मुंबईतल्याच एका केसमध्ये सांगितलं की अटकेची कारणं लेखी द्यायची, आणि ती त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यायची, कोणताही गुन्हा असला तरी. अगदीच लगेच शक्य नसेल तर आधी तोंडी सांगा, पण कोर्टात रिमांडसाठी उभं करायच्या किमान दोन तास आधी लेखी हातात पडलं पाहिजे, नाहीतर ती अटक बेकायदेशीर. ज्याला समजतच नाही तो स्वतःला वाचवणार कसा, हे देशाच्या सगळ्यात मोठ्या कोर्टाने मान्य केलंय, आणि तुम्ही मात्र अर्थ विचारायला लाजताय.

क्वॉशबद्दल थोडक्यात. क्वॉश म्हणजे एफआयआर किंवा चार्जशीट रद्द करून घेणं, हे फक्त हायकोर्ट करतं, बीएनएसएस ५२८ खाली. जुन्या कायद्यात हे कलम ४८२ होतं आणि नव्या कायद्यात ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, त्यामुळे कुणी ‘चारशे ब्याऐंशी टाकू’ म्हणालं तर कोणता कायदा ते विचाराच. तुमच्या केसमध्ये एक्स-रे आहे, जखमी माणूस आहे, भांडण झालंय हे दोन्हीकडचे मानतात, अशा केसमध्ये गुणवत्तेवर क्वॉश होणं फार अवघड. दोन्ही पार्ट्यांची संमती असेल तर होतं, पण संमती असेल तर त्यासाठी हायकोर्टात जायचीच गरज नाही, ते पुढे सांगतो. जायचंच ठरलं तर सोलापूरकरांना आता मुंबई गाठावी लागत नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय.

चॅप्टर केस हा वेगळा विषय आहे आणि ती तुमच्यावरच का असं वाटून घेऊ नका, बहुतेक चुलत्यांनाही तशीच नोटीस गेली असेल. पूर्वीचं १०७, आता बीएनएसएस १२६. पुन्हा भांडण होऊन शांतता बिघडू नये म्हणून तहसीलदार, कार्यकारी दंडाधिकारी या नात्याने, बंधपत्र लिहून घेतात, जास्तीत जास्त एक वर्षासाठी. ही शिक्षा नाही, यात दोषी वगैरे ठरवत नाहीत. पण बाँड दिल्यावर त्या मुदतीत पुन्हा बांधावर वाद घातला तर बाँडची रक्कम जप्त होते, म्हणून त्या वर्षात नांगरट करताना पण एकट्याने त्या बांधाकडे जाऊ नका. तारखेला हजर राहा, आपलं म्हणणं लेखी द्या.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी मी हे शीर्षक दिलंय.

तपास झाला की पोलीस कोर्टात दोषारोपपत्र देतात, ते चार्जशीट. तपासात काहीच मिळालं नाही तर समरी रिपोर्ट, आपल्या महाराष्ट्रात ए, बी आणि सी समरी म्हणतात, ए म्हणजे गुन्हा घडला पण पुरावा किंवा आरोपी मिळाला नाही, बी म्हणजे फिर्यादच खोटी, सी म्हणजे गैरसमजातून झालेली किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची. गावात एक समज आहे की ६० दिवसांत चार्जशीट आली नाही की केस संपते. असं काही नाही! ते ६० किंवा ९० दिवस कोठडीत असलेल्या माणसाला जामीन मिळण्यासाठी आहेत, बाहेर असलेल्याची केस त्याने संपत नाही. चार्जशीट आली की केसला आर.सी.सी. (रेग्युलर क्रिमिनल केस) नंबर पडतो, ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर सीएनआर नंबर, म्हणजे त्या केसचा स्वतंत्र ओळख नंबर, टाकून तारखा बघता येतात, चार्जशीटची नक्कल आरोपीला फुकट मिळते. ती घ्या आणि वाचा. मग वकील डिस्चार्जचा अर्ज करू शकतात, म्हणजे पुरावाच नाही, खटला न चालवता सोडा. वडिलांसाठी हा अर्ज नक्की विचारात घ्या. तो नामंजूर झाला तर कोर्ट चार्ज फ्रेम करतं, आरोप निश्चित करतं. चार्जशीट पोलिसांची, चार्ज कोर्टाचा.

त्या दिवशी न्यायाधीश आरोप वाचून दाखवतात, समजला का विचारतात आणि मग विचारतात, गुन्हा कबूल आहे का?

कोर्टरूममध्ये गर्दी असते, पुढची केस पुकारलेली असते, मागून कुणीतरी कुजबुजतं ‘हो म्हण, दंडावर सुटशील’. आणि कंटाळलेला माणूस ‘हो’ म्हणतो. त्याला वाटतं आपण केस मिटवली. पण कबूल म्हणणं म्हणजे दोषसिद्धी. तुमच्या भावाच्या नावावर कायमचं लागलं की हा माणूस गंभीर दुखापतीच्या गुन्ह्यात दोषी ठरलाय, आणि शिक्षा किती हे कोर्टाच्या हातात, आवारात भेटलेल्या माणसाच्या हातात नाही. ११७(२) मध्ये कैद आणि दंड दोन्ही लिहिलेत, नुसत्या दंडावर सुटायची हमी कुणीही देऊ शकत नाही. समजा किरकोळ शिक्षेवर सुटलाच, तरी भरतीच्या चारित्र्य पडताळणीत हे समोर येणार आणि तेव्हा ‘साहेब मला वाटलं दंड भरला की संपलं’ हे कुणी ऐकणार नाही. मी अशी पोरं बघितलीत, मैदानावर नंबरात आलेली, लेखीत पास झालेली, आणि एका कबुलीने घरी बसलेली, तीही असल्याच भांडणात. फार वाईट वाटतं, कारण बहुतेकांना तो प्रश्न काय होता हेच त्या दिवशी कळलेलं नसतं. म्हणून भावाला आत्ताच सांगून ठेवा, कोर्टात काही समजलं नाही तर ‘मला समजलं नाही, वकिलांशी बोलून सांगतो’ एवढं म्हणायला कुणाचीही परवानगी लागत नाही.

मिटवायचंच असेल तर त्याचा रस्ता तडजोड आहे. ११५(२) आणि ३५२ मध्ये ज्याला त्रास झाला तो स्वतः तडजोड करू शकतो, ११७(२) मध्ये कोर्टाच्या परवानगीने. बीएनएसएस ३५९ मध्ये हे आहे, आणि तडजोड कोर्टाने मान्य केली की तिचा परिणाम निर्दोष मुक्ततेचा होतो. बघा फरक! बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, एका तारखेत केस संपली, पण एकात तुमचा भाऊ दोषी आहे आणि दुसऱ्यात निर्दोष सुटलाय. हेच लोकअदालतीतही करता येतं, फक्त तिथे सही करताना कागदावर ‘तडजोड’ लिहिलंय की ‘गुन्हा कबूल’ हे डोळ्यांनी वाचा. चुलत्यांशी बोलणी कलमवाढ व्हायच्या आधी सुरू झाली तर बरं, कारण ११८(२) आलं की कायद्याने ही तडजोड होत नाही, मग हायकोर्टच. एखादा समजूतदार मामा, आत्या कुणी असेल तर त्यांना मधे घाला, पण पैसे देण्याघेण्याचा कागद वकिलाशिवाय करू नका आणि फिर्यादीवर दबाव आणला असं दिसेल असं काही भावाने स्वतः जाऊन बोलू नये.

भरतीचा फॉर्म भरताना गुन्हा दाखल आहे का असा रकाना येईल. तिथे खरं लिहायचं, गु.र.नं. म्हणजे एफआयआरच्या नंबरासकट. सुप्रीम कोर्टाने २०१६ च्या अवतार सिंग केसमध्ये हा सगळा विषय तपासलाय, त्यातलं सार असं की माहिती लपवणं हेच नोकरी जायचं कारण होऊ शकतं. खरं सांगितल्यावर निर्णय घ्यायचा अधिकार खात्याला राहतोच, नोकरी मिळेलच असं मी म्हणत नाही, पण खरं सांगून केस तडजोडीने किंवा निकालाने सुटलेली असणं आणि लपवून सापडणं यात खूप अंतर आहे. निकाल आला तर त्यात ‘संशयाचा फायदा देऊन मुक्त’ असं लिहिलंय की पुरावाच नव्हता असं, हे पण खातं बघतं, म्हणून निकालाची सही-शिक्क्याची नक्कल काढून ठेवायची.

राहिली आई. एनसी म्हणजे अदखलपात्र, पोलीस वहीत नोंद करतात पण मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत, त्यामुळे तुमची बाजू आज कागदावर असून नसल्यासारखी आहे. आईला नेमकं काय लागलंय? तिचा एक्स-रे झाला का? नसेल तर सरकारी दवाखान्यात लगेच दाखवा आणि कशाने लागलं ते केसपेपरवर लिहून घ्या, मनगटात बारीक चीर निघाली तरी तोच ११७ तिकडेही लागतो आणि मग ती एनसी राहत नाही. पोलिसांनी तरी घेतलं नाही तर एसपींना लेखी अर्ज पोस्टाने, त्याची पोच जपून ठेवा, आणि त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे बीएनएसएस १७५(३) चा अर्ज, ज्याला वकील अजून जुन्या नंबराने एकशे छप्पन तीन म्हणतात. खोटं काही घालू नका, जे झालं तेवढंच. या अर्जासाठी आईला विधी सेवेचा वकील फुकट मिळू शकतो, विधी सेवा कायद्यात बाईमाणसाला उत्पन्नाची अट नाही, तालुका कोर्टातच विधी सेवा समितीचं ऑफिस असतं किंवा १५१०० ला फोन करा. भावाला आणि वडिलांना उत्पन्नाची मर्यादा बघतील, पण कुणी कोठडीत असेल तर त्यालाही ती अट नाही.

एफआयआरची पीडीएफ उतरवली की फिर्यादीचा मजकूर नावं झाकून मला पाठवा. त्यात काठी, पाइप, दगड यातला कोणता शब्द आहे का, एवढं बघून एबीएची तयारी ठेवायची की नाही ते सांगतो.